ड्रम कोअरचा उन्हाळा : ऑडिशनच्या तयारीपासून ऑगस्टच्या फायनलपर्यंत

अमेरिकेत हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये मूल असलं की नववी-दहावीच्या सुमारास घरात ‘डीसीआय’ (ड्रम कोअर इंटरनॅशनल) हे नाव ऐकू येऊ लागतं. आधी यूट्यूबवरचे व्हिडिओ, मग जेवणाच्या टेबलावर बोटांनी धरलेला ताल, आणि एक दिवस थेट प्रश्न : “पुढच्या उन्हाळ्यात मी ड्रम कोअरला जाऊ?” आपल्याकडचे बहुतेक आईबाप त्याला समर कॅम्प समजतात आणि ‘बघू’ म्हणून विषय मिटवतात. पण हा समर कॅम्प नाही. ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे घेऊन मैदानावर चालत कार्यक्रम करणारं, स्पर्धेत उतरणारं तरुणांचं पथक. मेच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मूल घरी नसतं. ते कुठल्या कुठल्या शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतं, दिवसाचे दहा-बारा तास उन्हात सराव करतं आणि वर त्यासाठी आपण काही हजार डॉलर मोजतो. एवढं असूनही मी म्हणेन, पाठवा. मात्र तयारी ऑक्टोबरात सुरू करा, एप्रिलमध्ये नाही.

आणि एक गोष्ट पहिल्यापासून मुलाच्या कानावर घाला. कोअर निवडणारे शिक्षक सगळ्यात चांगलं वाजवणाऱ्याला शोधत नसतात. सांगितलेली दुरुस्ती दुसऱ्या वेळी करून दाखवणारं पोर त्यांना हवं असतं. पुढची सगळी तयारी याच एका गोष्टीभोवती फिरते.

१. आधी हे नेमकं काय आहे ते बघा

ड्रम कोअरची मुळं पहिल्या महायुद्धानंतरच्या माजी सैनिकांच्या संघटनांत आहेत. अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू यांच्या स्थानिक शाखा, चर्च, स्काउट अशांनी मुलांसाठी बिगुल आणि ड्रमची पथकं चालवली. मॅडिसन स्काउट्स १९३८चा, बॉस्टन क्रुसेडर्स १९४०चा, कॅलिफोर्नियातला ब्लू डेव्हिल्स १९५७चा. सॅक्रामेंटोचा मॅन्डरिन्स तिथल्या चिनी-अमेरिकन समाजाने १९६३ साली सुरू केला. आपल्या मंडळांनी यावर जरा विचार करायला हरकत नाही. ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआयची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि ॲनाहाइम किंग्जमेन जिंकले. २००९पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमवर भरते.

आजच्या कोअरमध्ये फक्त पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि कलर गार्ड, म्हणजे झेंडे घेऊन नाचणारा गट. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन नाही. पूर्वी एकाच स्वरातले बिगुल असत. २०००पासून कुठल्याही पट्टीतली पितळी वाद्यं चालू लागली, २००४मध्ये माइक आले, २००९मध्ये सिंथेसायझर. जुनी मंडळी यावर अजून भांडतात. वर्ल्ड क्लासच्या, म्हणजे वरच्या गटातल्या, कोअरमध्ये जास्तीत जास्त १६५ जण. कार्यक्रम आठ ते बारा मिनिटांचा. तेवढ्यासाठी अख्खा उन्हाळा.

वयाची अट पक्की आहे : १ जूनच्या आधी ज्यांची २२ वर्षं पूर्ण होतात त्यांना वर्ल्ड किंवा ओपन क्लासमध्ये (ओपन म्हणजे लहान कोअरचा गट) उतरता येत नाही. कमीत कमी वय किती ते कोअरनुसार बदलतं, तेव्हा त्या त्या कोअरकडेच विचारा. म्हणजे पंधराव्या वर्षी जमलं नाही तर बिघडलं काही नाही, कॉलेजची तीन वर्षंही हातात असतात. मैदानावरची बरीच मुलं कॉलेजातलीच असतात.

२. जागा कुठली?

मुलगा ट्रम्पेट वाजवतो, तर ट्रम्पेटची ऑडिशन देईल, इतकं ते सरळ नसतं. फ्रेंच हॉर्नवाल्यांना मेलोफोन उचलावा लागतो. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनची मुलं बरेचदा बॅरिटोन किंवा युफोनियमकडे वळतात. वर्षभर मन लावून शिकलं तर जमतं, दोन महिन्यांत जमत नाही. पियानो शिकलेल्या मुलांसाठी सगळ्यात चांगली वाट फ्रंट एन्सेम्बलची. मैदानाच्या पुढच्या कडेला मरिंबा, व्हायब्राफोन, सिंथेसायझर घेऊन उभा असतो तो गट. मरिंबावर चार मॅलेट धरायची पकड मात्र नव्याने शिकावी लागते आणि पहिले काही आठवडे बोटांची सालं निघतात.

स्नेअर ड्रमची हौस सगळ्यांनाच. आणि जागा? आठ ते दहा. टेनर चार-पाच, बेस ड्रम पाच. त्यासाठी येणारी पोरं ढिगाने. पाच बेस ड्रम पाच वेगवेगळ्या आकारांचे असतात आणि एकच ओळ पाचजणांत तुकड्या-तुकड्यांनी वाटलेली असते. सोळाव्या भागातला एकच ठोका आपला, मागचा शेजाऱ्याचा, पुढचा पलीकडच्याचा. हे काम स्नेअरपेक्षा सोपं समजू नका.

कलर गार्डकडे आपले पालक बघतही नाहीत, आणि भरतनाट्यम किंवा कथ्थक शिकलेल्या मुलींसाठी तीच जागा खरी मोलाची. झेंडा, लाकडी रायफल आणि सेबर फेकून झेलणं शिकवता येतं. अंगातली लय, चेहरा आणि खोल बसलेली मांडी ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांचं अर्धं काम झालेलं असतं. बॅले किंवा मॉडर्न डान्सचे सहा महिने जोडा. भारतीय नृत्यात पाय जमिनीत ठाम रोवलेले असतात, इथे टाच उचलून लांब सरकायचं असतं, आणि ते अंगवळणी पडायला वेळ लागतो.

ढोल-ताशा पथकात वाजवलेली मुलं इथे कशी पडतात, हे लोक मला नेहमी विचारतात. दम आणि घोळक्यात वाजवायची सवय, दोन्ही फार कामाला येतात. एक सवय मात्र दारात सोडून यावी लागते. मिरवणुकीत रंग चढला की लय वाढते आणि वाढायलाच हवी. इथे लय एका ठोक्यानेही वाढली तर परीक्षक नोंद करतो. शिवाय ताशाच्या काडीची पकड आणि मार्चिंग स्नेअरची पकड यांचा एकमेकींशी संबंध नाही. तेव्हा हात पहिल्यापासून बसवा.

३. कोअर निवडताना

मुलं पाच-सहाच नावं सांगतात : ब्लू डेव्हिल्स, ब्लूकोट्स, कॅरोलिना क्राउन, सांता क्लारा व्हॅनगार्ड, बॉस्टन, फँटम रेजिमेंट. ती नावं मोठी का आहेत ते समजतं. ब्लू डेव्हिल्सनी २०१४मध्ये ९९.६५ गुण मिळवले, त्याच्या वर कुणी गेलेलं नाही. पण पहिल्या वर्षी तिथेच जायचा हट्ट मला पटत नाही. ओपन क्लासचे कोअर लहान असतात, प्रवास कमी, फी कमी, आणि शिक्षकांचं लक्ष प्रत्येकावर जास्त. ब्लू डेव्हिल्स बी हे चांगलं उदाहरण. वर्ल्ड क्लासमध्येही पहिल्या बाराच्या बाहेरचे कोअर नवख्यांना जास्त जागा देतात.

माझा सल्ला असा की तीन कोअर निवडा. एक स्वप्नातला, एक जिथे जमेल असं वाटतं तो, आणि एक गाडीने जाता येईल इतका जवळचा. जवळचा कोअर का, तर हिवाळ्यात महिन्यातून एकदा कॅम्प असतो आणि दर वेळी विमानाचं तिकीट काढलं की फीएवढाच खर्च पुन्हा होतो.

निवडताना दोन गोष्टी मुलांना सुचत नाहीत, त्या आपण बघायच्या. एक, संस्थेची आर्थिक प्रकृती. हे सगळे कोअर ना-नफा संस्था चालवतात, आणि त्यांचा फॉर्म ९९० (करखात्याला दिलेलं वार्षिक विवरण) कुणालाही बघता येतो. तो उघडा, उत्पन्न-खर्चाचे तीन वर्षांचे आकडे बघा. १९३४ साली सुरू झालेला आणि डीसीआयची दहा विजेतेपदं मिळवलेला कॅडेट्स २०२४मध्ये बंद पडला. सांता क्लारा व्हॅनगार्डने २०२३चा मोसम सोडला आणि पुढच्या वर्षी परतला. तेव्हा मोठं नाव बघून गाफील राहू नका. मोसम रद्द झाला तर भरलेल्या पैशांचं काय, हे करारात कुठे लिहिलंय ते शोधून काढा.

दोन, मुलांची सुरक्षितता. २०१८नंतर या क्षेत्रात गैरवर्तनाच्या तक्रारी उघड झाल्या आणि नियम कडक झाले. तरी स्वतः विचारा : कर्मचारी आणि स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासता का, अल्पवयीन मुलांबरोबर एकट्या प्रौढाने राहू नये असा नियम आहे का, तक्रार करायची तर कोअरच्या बाहेर कुणाकडे? या प्रश्नांवर जो माणूस चिडतो त्याच्याकडे मूल पाठवू नका.

४. वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑडिशनची पॅकेट (वाजवायच्या व्यायामांची पानं) निघतात. नोव्हेंबर ते जानेवारी ऑडिशन कॅम्प. त्यानंतर एप्रिलपर्यंत महिन्याला एक शनिवार-रविवार. मेच्या मध्यापासून अखेरपर्यंत कधीतरी मुव्ह-इन (कोअरमध्ये राहायला जाणं), मग चार-पाच आठवडे एकाच ठिकाणी स्प्रिंग ट्रेनिंग. जूनच्या शेवटी दौरा. जुलैत सॅन अँटोनियो आणि अटलांटाच्या मोठ्या स्पर्धा, ऑगस्टच्या सुरुवातीला ॲलनटाऊन, आणि दुसऱ्या आठवड्यात फायनल.

अडचण येते ती शाळेशी. टेक्सासमध्ये शाळा मेच्या अखेरीस सुटते, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये जूनच्या अखेरीस. म्हणजे तिकडच्या मुलांची परीक्षा आणि मुव्ह-इन समोरासमोर येतात. जानेवारीतच शाळेच्या समुपदेशकाला भेटा. अंतिम परीक्षा लवकर देता येईल का, पदवीदान समारंभाला दोन दिवस येऊन जाता येईल का, हे लेखी घ्या. बरेचसे कोअर पदवीदानासाठी रजा देतात, फक्त आधी सांगावं लागतं. दक्षिणेकडची अडचण उलटी : जॉर्जियात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच शाळा उघडते. शाळेच्या बँडचा स्वतःचा कॅम्पही जुलै-ऑगस्टात असतो, तेव्हा बँड डायरेक्टरला पहिल्या दिवसापासून विश्वासात घ्या. त्यांची शिफारस पुढे उपयोगाची, आणि नाराजी त्याहून महाग.

भारतवारी त्या वर्षी डिसेंबरात. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन उन्हाळ्यात आलं तर मुलाशिवाय जा. गणपती मात्र बहुतेक वर्षी फायनलनंतर येतात, त्यामुळे मिरवणुकीच्या पथकात पोर हजर असतं, आणि हात असा तयार झालेला असतो की बाकीचे बघत राहतात.

५. ऑडिशनची तयारी

पॅकेट उतरवून घेतलं की पहिली चूक बहुतेक मुलं अशी करतात : सगळ्यात अवघड पान उघडून पूर्ण वेगात वाजवायला लागतात. पॅकेटमधली पहिली दोन-तीन पानं, म्हणजे तंत्राचे साधे व्यायाम, तिथेच निवड होते. पितळी वाद्याला लांब सूर आणि लिप स्लर (फक्त ओठांनी सूर बदलणं). स्नेअरला एका हाताने सलग आठ ठोके, मग दुसऱ्या हाताने आठ. ऐकायला कंटाळवाणं. पण स्नेअरच्या आठ ठोक्यांत काठीची उंची प्रत्येक वेळी सारखी आहे का, हे शिक्षकाला दहा सेकंदांत कळतं. उंची इंचांत सांगितलेली असते, तीन, सहा, नऊ, बारा. आरशासमोर उभं राहून सराव करा, मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करा.

क्रम असा ठेवा. पहिले दोन आठवडे पॅकेटमध्ये दिलेल्या वेगाच्या साठ टक्क्यांवर, मेट्रोनोम लावून. चुका शून्य झाल्या की चार-चार ठोक्यांनी वर. तिसऱ्या आठवड्यापासून पाय जोडा : जागच्या जागी मार्क टाइम, डावा पाय पहिल्या मात्रेवर, आणि वाजवणं चालू. इथे घोटाळा होतोच. हात नीट असतात, पाय आले की सगळं विस्कटतं. मग वेग पुन्हा खाली आणा. पायांशिवाय येणारं वाजवणं इथे येत नसल्यातच जमा.

ड्रमवाल्यांनी पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीच्या ४० रूडिमेंट्सपैकी (ठोक्यांचे मूळ प्रकार) रोल, पॅराडिडल आणि फ्लॅमची कुटुंबं तरी पक्की करावी. सराव पॅडवर करा, शेजाऱ्यांचा विचार म्हणून नव्हे, तर पॅडवर चूक लपत नाही म्हणून. कानात इअरप्लग हवेत आणि ते आजपासून. पितळवाल्यांनी श्वासाचा व्यायाम रोज : चार मात्रांत आत, चार मात्रांत बाहेर, मग दोन मात्रांत आत, आठ मात्रांत बाहेर, मग हेच चालत. ओठ दुखायला लागले की थांबा. ओठ सुजवून घेणं म्हणजे मेहनत नव्हे.

चालण्याची तयारी घरामागच्या पार्किंगमध्ये होते. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच. खडूने पाच यार्डांच्या खुणा करा आणि डोळे समोर ठेवून प्रत्येक आठव्या पावलाला पाय खुणेवर पडतो का ते बघा. पुढे, मागे, आडवं. मागे जाताना टाच जमिनीला लागू द्यायची नाही. १२० मात्रांपासून सुरू करून १८०पर्यंत न्या. पोटऱ्या ओरडतील. आठवड्यातून तीनदा धावणं आणि प्लँक जोडा, कारण ऑडिशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जी मुलं अजून सरळ उभी असतात तीच डोळ्यांत भरतात.

मैदानाबद्दल एक गोष्ट शास्त्राची. मैदान १०० यार्ड लांब. आवाजाला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. १६०च्या लयीत एवढ्या वेळात एक मात्रा जवळपास पाऊण सरकते. तेव्हा समोरून जे ऐकू येतं त्याच्याशी जुळवून वाजवलं की तुम्ही उशिरा वाजवणार. म्हणून नियम असा की डोळे ड्रम मेजरच्या (समोर उभं राहून लय दाखवणाऱ्याच्या) हातावर, आणि कान फक्त आपल्या मागून येणाऱ्या आवाजाकडे. शाळेच्या बँडमध्ये हे सांगतात, कोअरमध्ये ते अंगात भिनवतात. मुलाला याचं कारण ठाऊक असेल तर शिक्षकांची अर्धी वाक्यं त्याला लगेच कळतात.

आता दुरुस्ती उचलण्याचा सराव. हा कुठल्याही पॅकेटमध्ये नसतो. बँडमधला मित्र, खासगी शिक्षक, कुणालाही समोर बसवा. मुलाने आठ मात्रा वाजवायच्या, समोरच्याने एकच सूचना द्यायची (“डावा हात खाली येतोय”, “सूर शेवटी पडतोय”), आणि लगेच पुन्हा वाजवायचं. पहिल्या फेरीत सूचना दिसली पाहिजे, अर्धीमुर्धी का होईना. ती करताना दुसरं काही बिघडलं तरी चालेल. पोरं उलट करतात : बिघडू नये म्हणून जपून वाजवतात आणि सूचना दिसतच नाही. ऑडिशनमध्ये शिक्षक हाच खेळ खेळतात. मुद्दाम काठीची पकड किंवा स्वराची सुरुवात बदलायला सांगतात आणि बघतात. उत्तर एका शब्दात द्यायचं, “येस”, आणि करून दाखवायचं. ‘माझे सर असं शिकवतात’ हे वाक्य तोंडातून निघता कामा नये.

व्हिडिओ ऑडिशन द्यायची असेल तर एकाच टेकमध्ये, काटछाट न करता, डोक्यापासून पायांपर्यंत माणूस दिसेल असा कॅमेरा, आणि मेट्रोनोम ऐकू येईल असा. फाइलचं नाव सांगितलं असेल तसंच ठेवा. सूचना वाचता येतात का, हीसुद्धा परीक्षाच.

६. कॅम्पचा शनिवार-रविवार

बरोबर तीन रिंगची वही, प्लास्टिकच्या पिशव्यांत छापलेलं पॅकेट, पेन्सिल, स्वतःचं माउथपीस, धावायचे बूट, पाण्याचा मोठा जग, झोपायची पिशवी. वाद्य बहुतेक कोअर स्वतःचं देतात, तरी आधी विचारून घ्या. कपडे साधे, अंगाला बसणारे, कारण शिक्षकांना गुडघा दिसला पाहिजे.

दिवस सरावाने सुरू होतो : सगळे अर्धवर्तुळात, मग छोट्या गटात, मग एकट्याने दोन-तीन मिनिटं. मग जिममध्ये चालणं आणि थोडं नाचसुद्धा. शेवटी निकाल तीनपैकी एक : करार, पुढच्या कॅम्पला पुन्हा बोलावणं, किंवा नकार. नकाराबरोबर बहुतेकदा शेऱ्यांचा कागद मिळतो. तो फेकू नका. त्यातले दोन मुद्दे महिनाभरात सुधारून दुसऱ्या कोअरला व्हिडिओ पाठवा. मेमध्ये, कधी तर जुलैतही जागा रिकाम्या होतात : कुणाचा पाय मुरगळतो, कुणाला इंटर्नशिप मिळते. कोअर तेव्हा ‘अमुक जागा हवी’ असं जाहीर करतात, आणि तयार बसलेलं पोर दोन दिवसांत विमानात असतं.

जिथे कुठेच जमत नाही त्या मुलांसाठी हिवाळी स्पर्धा आहेत. इनडोअर ड्रमलाइन आणि विंटर गार्डचा मोसम जानेवारी ते एप्रिल, अंतिम फेरी ओहायोतल्या डेटनला. घरी राहून तेच शिक्षण.

७. पैसे

वर्ल्ड क्लासची फी आजकाल साधारण पाच-सहा हजार डॉलरच्या घरात, ओपन क्लासची त्याहून कमी. त्यात बस, मुक्काम आणि जेवण येतं. कॅम्पचा प्रवास, बूट, हातमोजे, खिशातले पैसे यांत येत नाहीत. हप्ते असतात, आणि हप्ता चुकला तर मूल मुव्ह-इनला थांबवलं जातं. शिष्यवृत्तीचा अर्ज लाज न बाळगता करा. नोकरी मोठ्या कंपनीत असेल तर तिथे मॅचिंग गिफ्टची योजना आहे का ते बघा. अनेक कंपन्या स्वयंसेवेच्या तासांचेही पैसे संस्थेला देतात. फी म्हणजे देणगी नव्हे, तेव्हा करसवलतीचं गणित सीपीएला विचारल्याशिवाय मांडू नका. आणि मुलाला निदान हजार डॉलर स्वतः उभे करायला लावा. शिकवण्या घेऊ दे, लॉन कापू दे.

८. शरीर आणि सामान

डॉक्टरांकडून शारीरिक तपासणीचा फॉर्म, विम्याच्या कार्डाची प्रत, रोजच्या औषधांची यादी. दमा असेल तर इनहेलर दोन, एक मुलाकडे, एक कर्मचाऱ्यांकडे. मुव्ह-इनच्या आधी महिनाभर रोज तासभर उन्हात चालायला लावा. घरातल्या एसीतून थेट टेक्सासच्या डांबरावर गेलेलं पोर तिसऱ्या दिवशी आडवं होतं. नवे बूट तिथे घालायचे नाहीत, इथेच घालून मऊ करायचे. मोजे भरपूर, कारण धुण्याची पाळी आठवड्यातून एकदा येते तर येते. सिंगल आकाराची हवेची गादी, बॅटरीवरचा पंप, पंक्चर काढायचं ठिगळ. रुंद टोपी, सनस्क्रीन, रॅश पावडर. गॅलनभर पाण्याचा जग, आणि त्यावर नाव मोठ्या अक्षरांत.

जेवण दिवसातून चार वेळा, कोअरच्या स्वतःच्या फूड ट्रकमधून. शाकाहारी मुलांची सोय होते, पण अर्जात ‘शाकाहारी’ एवढंच लिहू नका. अंडं चालतं का, चीज चालतं का, मासे नकोत, सगळं स्पष्ट लिहा; इथे अनेकांच्या लेखी मासे शाकाहारात मोडतात. शेंगदाण्याचं लोणी, भाजलेले चणे आणि मेतकुटाची पुडी सामानात टाका. उपवास या तीन महिन्यांत नाहीत, आजीला आधीच सांगून ठेवा.

जमलं तर एक आठवडा फूड ट्रकवर स्वयंसेवक म्हणून जा. मुलं, शिक्षक, ड्रायव्हर मिळून दोनशे माणसांचं जेवण पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि प्रयोगानंतर मध्यरात्री. कोअर खरा कसा चालतो, हे तिथे चार दिवसांत कळतं, वेबसाइटवर कधीच कळत नाही. फक्त आपल्या पोराला वाढताना जास्त पोळ्या टाकू नका, ते लाजेने मरतं.

९. दौऱ्यावर

दिवस ठरलेला : सकाळी व्यायाम, चालण्याचा सराव, वाद्यांचे गट, दुपारी सगळे एकत्र, संध्याकाळी प्रयोग, रात्री बसमध्ये झोप आणि पहाटे दुसऱ्या गावातल्या जिममध्ये उरलेली झोप. मुलाकडे स्वतःच्या जागांची वही किंवा ॲप असतं : चाळीस यार्डांच्या रेघेपासून दोन पावलं बाहेर, पुढच्या हॅशपासून (मैदानावर आखलेली खूण) चार पावलं मागे, अशा जागा ओळीने लिहिलेल्या. रचना जुलैतही बदलत राहते. फोन रोज येणार नाही. आठवड्याला एकदा, तेही “पाय दुखतात, मजा येतेय” एवढंच. रडवेला फोन सहसा पहिल्या दोन आठवड्यांत येतो. त्या दिवशी परतीचं तिकीट काढू नका, चार दिवस थांबून पुन्हा विचारा. मात्र मूल वागणुकीबद्दल, स्पर्शाबद्दल, एखाद्या मोठ्या माणसाबद्दल काही बोललं, तर चार तासही थांबू नका.

१०. गुण बघताना

एकूण १०० : जनरल इफेक्टला (एकूण परिणामाला) ४०, व्हिज्युअलला ३०, म्युझिकला ३०. सहसा आठ परीक्षक, प्रत्येकजण बघता बघता आपले शेरे बोलून ध्वनिमुद्रित करतो, आणि ते मुद्रण दुसऱ्या दिवशी शिक्षक मुलांसमोर वापरतात. जूनमध्ये साठ-सत्तरच्या घरातले गुण ऑगस्टमध्ये ऐंशी-नव्वदला जातात. तेव्हा जूनचे आकडे मनाला लावून घेऊ नका. शेवटी फरक किती बारीक असतो हे बघायचं तर २००८ : फँटम रेजिमेंट ९८.१२५, ब्लू डेव्हिल्स ९८.१००. १९४०मध्ये सुरू झालेल्या बॉस्टन क्रुसेडर्सना डीसीआयचं पहिलं विजेतेपद मिळालं ते २०२५मध्ये.

अंतिम आठवड्यात गुरुवारी प्राथमिक फेरी, शुक्रवारी २५ कोअरची उपांत्य, शनिवारी बाराची अंतिम. ओपन क्लासची फायनल त्याच आठवड्यात आधी, इंडियानातल्याच मॅरियन गावी. तिकीट एकाच दिवसाचं परवडत असेल तर गुरुवारचं काढा. त्या दिवशी सगळे कोअर दिसतात, स्वस्तात दिसतात, आणि आपल्या पोराचा कोअर पहिल्या बारात नसला तरी पोर मैदानावर असतं. वर बसा, निदान मधल्या मजल्यावर, नाहीतर रचना दिसत नाही. घरच्यांना फ्लोमार्चिंग या ऑनलाइन सेवेवर थेट बघता येतं.

रविवारी गणवेश आणि वाद्य परत, कराराप्रमाणे उरलेला हिशेब, आणि गाडीच्या मागच्या सीटवर सलग बारा तास झोपलेलं मूल. घरी पोचल्यावर पहिला आठवडा कुठलाही क्लास लावू नका. वजन, पाय आणि कान एकदा डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वर्षी त्याच कोअरला परतायचं असेल तर परत येणाऱ्यांसाठी नोंदणी कधी उघडते ते तिथून निघण्याआधीच विचारून या. काही ठिकाणी ती सप्टेंबरातच संपते.